आरोग्याचा निरोप : कोणाचा, कोणाला?

जनसंपर्क हा शब्द आपल्याकडे सरकारी कचेरीच्या पाटीवरून परिचित झाला आहे. त्यामागे एक विद्या आहे, तिचे विद्यापीठीय संशोधन आहे आणि त्या संशोधनाची एक शाखा आरोग्य-संज्ञापन या नावाने ओळखली जाते. रोगाची माहिती लोकांपर्यंत कशी न्यावी, लोक ती का स्वीकारतात, का नाकारतात, याचा अभ्यास ही शाखा करते. विषय निरुपद्रवी वाटतो. तो तसा नाही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आईला अक्षरओळख नाही. या विषयाच्या पुस्तकांत 'निरक्षर जनतेपर्यंत संदेश पोचविणे' असे वाक्य वारंवार येते, तेव्हा ते माझ्या आईविषयी आहे हे मला विसरता येत नाही. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ही विद्या समजून घ्यावी असे मला वाटते. तिच्या परिभाषेत आपल्यावरच निवाडे दिलेले आहेत.

जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ साली जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. पहिला डांगोऱ्याचा, म्हणजे खरेखोटे न पाहता नाव गाजवायचे. दुसरा माहिती देण्याचा. तिसऱ्यात लोकांचा कानोसा घेतला जातो, पण तो त्यांना आपल्याकडे वळविण्यासाठी. चौथ्यात संवाद दुतर्फा असतो. लोक बदलतात, तशी बोलणारी संस्थाही बदलते. हे वर्गीकरण शिकविताना मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो : मोहीम संपल्यावर बदलले कोण? आपल्या देशातील बहुतेक आरोग्य-मोहिमांना हा प्रश्न लावला, तर त्या तिसऱ्या प्रकाराच्या पलीकडे क्वचितच गेल्या आहेत असे दिसते.

इतिहासही हेच सांगतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या अमलाखाली घराघरांत झडत्या सुरू झाल्या. त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. शाळेच्या पुस्तकात रँड ठळक आहे. सावित्रीबाईंचे हे काम आरोग्य-संज्ञापनाच्या कोणत्या प्रकरणात घालावे, हे मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. रोग्याला उचलून दवाखान्यात नेणे हा काही 'संदेश' नव्हे, असे अभ्यासक म्हणतील.

आणीबाणीतली नसबंदी तर जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. लाल त्रिकोण, दोन हसरी मुले, भिंतीवरचे चित्र हे सारे त्याआधी अनेक वर्षे चालू होते. चित्राने काम होईना, तेव्हा सक्ती आली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. मन वळविणे आणि हात पिरगाळणे यांत किती कमी अंतर असते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. त्याच दशकात देवीच्या रोगाची मोहीम मात्र यशस्वी झाली. रोगी कळविणाऱ्याला रोख बक्षीस होते, शेवटी शेवटी ते हजार रुपयांपर्यंत गेले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही. या मोहिमेत गरिबाकडे असलेल्या माहितीला प्रथमच किंमत आली.

आता या विद्येची दोन गृहीतके पाहू. एव्हरेट रॉजर्स यांचा नवकल्पनांच्या प्रसाराविषयीचा ग्रंथ १९६२ सालचा. नवी गोष्ट प्रथम कोण घेतो, नंतर कोण, यावरून त्यांनी माणसांचे पाच गट पाडले, आणि शेवटच्या गटाला रेंगाळणारे असे नाव दिले. कोणाकडे जमीन आहे, कोणाला कर्ज मिळते, हे बाजूला राहिले आणि दोष रेंगाळणाऱ्याच्या स्वभावाला चिकटला. आपल्याकडे हे नाव भाषांतर होऊन येण्याआधीच तयार होते. फक्त ते जातीच्या नावाने घेतले जात होते. रॉजर्स यांनी पुढे, १९७६ साली, विकासाच्या त्या जुन्या विचारचौकटीचा काळ सरला असे स्वतःच लिहिले, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. दुसरे गृहीतक आरोग्य-श्रद्धेच्या प्रतिमानाचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयाची मोफत तपासणी असूनही लोक येईनात, त्याचा शोध घेताना ते तयार झाले. मला रोग होईल का, झाला तर किती भयंकर, उपायाचा लाभ किती, अडथळा किती, या चार गोष्टी माणूस मनाशी तोलतो असे ते सांगते. तोलतो हे खरे. पण काटा त्याच्या मनात आहे आणि वजने दुसऱ्याच्या हातात आहेत, याचे काय?

आमच्या जिल्ह्यातला माकडताप याचे उत्तर देतो. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले, पुढे बांद्याच्या बाजूलाही. विषाणू गोचिडीतून येतो. माकडे त्याने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी रानात पसरतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही. खात्रीचे औषध नाही, आणि शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. याचा हंगाम थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो, आणि पातेरा गोळा करण्याचा, लाकूडफाट्याचा आणि काजीचा हंगामही नेमका तोच. तरव्याची भाजावळ करायची तर पातेरा हवा. काजी पडू लागल्या की रोजच्या रोज वेचायला हव्यात. हे काम कोण करते ते सांगायला नको.

आरोग्यखात्याच्या सूचना शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहेत. जंगलात जाऊ नका. जावेच लागले तर अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावा. आल्यावर कढत पाण्याने आंघोळ करा, कपडे कढत पाण्यात धुवा. मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवा. माझ्या वर्गात दोडामार्गाकडच्या काही मुली आहेत. त्यांनी आपल्या वाडीतल्या बायकांना या सूचनांवर बोलते केले. एक काकी म्हणाली, "रानात जाव नको सांगतत. मगे पाणी कढत करूक लाकडां खयची?" आंघोळीच्या सूचनेत रान दडलेले आहे, हे पत्रक लिहिणाऱ्याला दिसले नाही, कारण त्याच्या घरात गॅस आहे. दुसरी म्हणाली, "गोचीड दिसता तेव्हा चावान झालेलो असता." मेलेल्या माकडाबद्दल बायका प्रथम गप्प राहिल्या. मग एकीने सांगितले, की बाग दुसऱ्याची असते, आपण कळवले आणि बाग बंद पडली तर पुढच्या वर्षी कामाला बोलावणार कोण?

या बायकांना रोगाची माहिती नाही असे कोणी म्हणू नये. माकड मेले की ताप येतो, हे त्या स्वतःहून सांगतात. त्यांच्यापाशी नाही ते आठ दिवसांच्या मजुरीचे संरक्षण. एका मुलीने आपल्या प्रकल्पात 'अडथळे' या मथळ्याखाली मजुरी, मालक आणि सरपण असे लिहिले. एका विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी ते खोडून 'निरक्षरता व अंधश्रद्धा' असे सुचविले. तिने बदलले नाही. तिला गुण कमी पडले. मोहन दत्ता या अभ्यासकाने २००८ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे : ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांचाच आवाज या विद्येने पुसून टाकला, आणि अभाव रचनेत असताना तो माणसाच्या डोक्यात शोधला. तिच्या टिपणात दत्तांचे नाव असते, तर परीक्षक कदाचित थांबले असते.

'लोककलांचा उपयोग' हे या क्षेत्रातले आवडते उत्तर. मी राहतो त्या पिंगुळीचे नाव त्यासाठी हमखास घेतले जाते. गुढीपूरच्या ठाकर कलावंतांकडे चित्रकथीच्या पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने उभारलेले संग्रहालय बाहेरून येणारे लोक पाहतात. केंद्र सरकारचा गीत व नाटक विभाग १९५४ पासून लोककलावंतांमार्फत योजनांचा प्रचार करीत होता. २०१७ साली तो दुसऱ्या विभागात विलीन झाला. कुटुंबनियोजनासाठी लोकमाध्यमे कशी वापरावीत यावर १९७४ साली दिल्लीत युनेस्कोचा परिसंवादही झाला. 'वापरावीत' हा शब्द नीट पाहावा. बाहुली आमची, दोरी त्यांची.

चित्रकथी चालते ती श्रोत्याला कथा आधीच ठाऊक असते म्हणून. सांगणारा एक चित्र पुढे धरतो, गातो, विस्तार करतो. पुढे काय होणार हे समोरच्या म्हाताऱ्यालाही माहीत असते आणि सांगणारा त्याचा मान राखतो. खात्याने लिहून दिलेली संहिता आली की श्रोता अज्ञानी ठरतो. मग तीच बाहुली भिंतीवरच्या पत्रकासारखी बोलू लागते. आणखी एक गोष्ट या परिसंवादांत येत नाही. आदिवासी कला म्हणून जिचे कौतुक होते, त्याच ठाकरांच्या मुलांना जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून घेताना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले आहेत. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने क्षेत्रबंधन उठले, तरी संशय उठला नाही.

याउलट आंबेडकरी जलसा आठवावा. भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव गेले, मेलेले जनावर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका असे सांगत राहिले. हे शुद्ध आरोग्य-संज्ञापन होते. १९२७ च्या महाड परिषदेतही बाबासाहेबांनी हेच सांगितले, आणि लगेच लोक पाण्याकडे चालत गेले. पत्रक वाटून ते थांबले नाहीत. मृत मांस सोडणे म्हणजे घरातले अन्न सोडणे होते, तरी लोकांनी ते सोडले. सांगणारा त्याच पंगतीतून उठून आला होता आणि सांगण्याबरोबर तळ्याचा हक्कही मागत होता. बोलणारी बाजू आणि ऐकणारी बाजू, दोन्ही बदलल्या.

विद्यार्थ्यांनी पुढच्या हंगामात हे काम हाती घ्यावे, आणि ते फेब्रुवारीत सुरू करून चालणार नाही. पातेऱ्याला सुरुवात होण्याआधी, डिसेंबरातच वाड्यांत जावे. प्रश्नावलीत 'आपणास माकडतापाची माहिती आहे काय' हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी विचारावे : बाग कोणाची, मजुरी किती, तेलाची बाटली मिळाली का, मिळाली तर कोणत्या महिन्यात, तापाच्या दिवसांचे पैसे कोणी दिले, आणि मेलेले माकड कळवल्यावर पुढे काय झाले. उत्तरे मालवणीतच लिहून घ्यावीत. त्यांची एक प्रत आरोग्य केंद्रात द्यावी, दुसरी ग्रामसभेत वाचावी, आणि वाचायला त्याच बायकांपैकी कोणाच्या तरी शिकत्या मुलीला उभे करावे.