'सुरक्षित' म्हणजे काय? गरोदरपणातली जळजळ आणि अँटासिड

मंडळी, आज आपण एक घरगुती प्रश्न घेऊ. सहावा-सातवा महिना लागला की घरोघरी ऐकू येतं, "रात्री आडवं झालं की छातीत जळतं." मोठ्या बायका हसून म्हणतात, "बाळाला जावळ भरपूर येणार!" तिचा प्रश्न मात्र तसाच राहतो: अँटासिड घेतलं तर बाळाला चालेल का?

आधी जळतं का, ते बघू. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्यामुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते. वाढतं गर्भाशय जठराला खालून दाबतं आणि आम्ल वर येतं. म्हणजे तिचं पथ्य चुकलंच असेल, असं नाही.

आता, एखादं औषध सुरक्षित आहे हे आपण कशावरून म्हणतो? बहुतेक वेळा 'अपाय दिसला नाही' यावरून. पण न दिसणं हा पुरावा केव्हा ठरतो? कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण ती 'योग्य' अनुपलब्धी हवी, अशी अट घातली. लख्ख उजेडात समोरच्या जमिनीवर घट दिसला नाही, तर तिथे घट नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

थॅलिडोमाइडचं हेच झालं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते निर्धोक म्हणून बाजारात आलं, गरोदर स्त्रियांनी मळमळीवरही घेतलं. गर्भावर काय परिणाम होतो, हे नीट तपासलंच नव्हतं. १९६१च्या अखेरीस तिथे ते मागे घेतलं गेलं, तोवर जगात हजारो मुलांना जन्मजात व्यंग आलं होतं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी पुरेसा पुरावा मागत परवानगी अडवून धरली. त्या एका बाईंच्या हट्टाने किती घरं वाचली, बघा!

अँटासिडचं तसं नाही. कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं मिश्रण, अल्जिनेट ही औषधं मुख्यतः जठरातच काम करतात, रक्तात थोडीच जातात. कित्येक दशकं असंख्य गरोदर स्त्रियांनी ती घेतली आहेत. इथे उजेड बराच आहे. म्हणून नेमून दिलेल्या प्रमाणात डॉक्टर ती देतात.

पण 'सुरक्षित' हे विशेषण नुसत्या नावाला चिकटत नाही. किती, केव्हा आणि कशाबरोबर, हेही बघावं लागतं. पाण्यात फसफसणारी पूड किंवा खाण्याचा सोडा घरगुती वाटतो, पण सोडियम बायकार्बोनेटमुळे अंगात पाणी साठू शकतं आणि रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडू शकतो; तो टाळावा. कॅल्शियमच्या गोळ्या गोड लागतात म्हणून दिवसभर चघळल्या, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होतो. आणि लोहाची ती लाल गोळी? अँटासिडबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं.

औषधाआधीचे उपाय आपल्याला ठाऊक आहेतच: थोडं थोडं खाणं, झोपण्याआधी दोन-तीन तास जेवण उरकणं, उशाकडची बाजू उंच ठेवणं.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली दुखणं, सोबत जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहऱ्यावर अचानक सूज यांपैकी काहीही असेल, तर 'पित्त असेल' म्हणून अँटासिड देऊन वाट बघू नये. ही रक्तदाबाच्या गंभीर विकाराची खूण असू शकते. लगेच रुग्णालय गाठावं.

आपल्याकडे गरोदर बाईला दोनच गोष्टी सांगतात: 'सोस' किंवा 'काही होत नाही, घे.' दोन्हींत तपासणी नाही. तेव्हा डॉक्टरांना 'चालेल का?' एवढंच न विचारता पूर्ण प्रश्न विचारू: कोणतं, किती, केव्हा, आणि चालू गोळ्यांबरोबर कसं?