शिष्यवृत्तीचं दार कामगार खात्यात

जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांची पगाराची स्लिप नीट पाहिली, तर भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसायकराच्या आसपास एक किरकोळ कपात दिसते. 2024पासून ती 25 रुपये आहे. मालक तिच्या तिप्पट भरतो. हा पैसा महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. वर्षानुवर्षं ही कपात सोसणाऱ्या किती जणांनी जवळच्या कामगार कल्याण केंद्रात जाऊन विचारलं असेल, की मला आता शिकायचंय, माझ्यासाठी काय आहे? संगणकाच्या कोर्सची फी, पुस्तकं अशा गोष्टींसाठी मंडळाच्या मदतीच्या योजना आहेत. त्या फक्त मुलांसाठीच असतात असं घरोघरी धरून चाललेलं असतं, म्हणून कुणी चौकशीच करत नाही.

संसार, नोकरी, आजारपणं यांत अर्धवट सुटलेलं शिक्षण पुढं नेऊ पाहणारी माणसं आधी महाडीबीटी हे सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल उघडतात आणि बहुतेकदा तिथूनच हिरमुसून परततात. त्यांचा दोष नाही. आपल्या शिष्यवृत्त्या आखल्या गेल्या त्या अठरा-वीस वर्षांच्या, वडिलांच्या उत्पन्नावर जगणाऱ्या, रोज कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनाच घ्या. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालतं, पण पत्रद्वारा, दूरस्थ किंवा अर्धवेळ शिक्षणक्रम चालत नाही. दिवसा नोकरी करणाऱ्याला नेमका तोच परवडतो! माझ्या मते मोठ्यांच्या शिक्षणातली ही सर्वांत मोठी अडचण आहे, आणि सरकारनं ती मनावर घ्यायला हवी. वय आड येतं त्यापेक्षा ‘रेग्युलर’ हा एक शब्द जास्त आड येतो.

दुसरी धास्ती असते ती गॅपची. याच योजनेत कोर्स सुरू असताना दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. बारावीनंतर पंधरा वर्षं घरी असणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी गॅपचं शपथपत्र लागतं, आणि ते देता येतं. या दोन गॅपची गल्लत करून कित्येक जणी अर्जच भरत नाहीत.

आता ज्या योजनेबद्दल मला आवर्जून लिहायचंय तिच्याकडे येतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, फरशी बसवणारे, रंगारी, प्लंबर अशा सगळ्यांची नोंदणी होते. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवसांचं काम, एवढीच मुख्य अट. मंडळाच्या शैक्षणिक योजनांमध्ये कामगाराच्या दोन मुलांबरोबर त्याच्या पत्नीचाही उल्लेख आहे. पदवीच्या प्रत्येक वर्षाला 20,000 रुपये मुलांना मिळतात, तसेच ते कामगाराच्या पत्नीलाही मिळू शकतात. लग्नामुळे बारावीवर थांबलेल्या, आज तिशीत असलेल्या बाईसाठी ही रक्कम म्हणजे पुस्तकं, प्रवास आणि परीक्षेची फी. घरात ‘पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न निघाला की सगळ्यात आधी तिचं शिक्षण मागं पडतं. इथं तिच्या नावाची तरतूद लिखित आहे. ती तिला कुणीतरी सांगायला हवी.

अडतं ते कागदांवर. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार द्यायला कां-कूं करतो. तो ग्रामसेवकाकडून किंवा महापालिकेकडूनही घेता येतो. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर झालं नसेल तर दावा पुढं सरकत नाही. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला काढून हा गुंता अर्जाआधी सोडवलेला बरा. मदत थेट खात्यात जमा होणार असेल तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय हे बँकेत विचारून घ्यावं. पैसे मंजूर होऊन जुन्या, बंद पडलेल्या खात्यापायी अडकलेली प्रकरणं कमी नाहीत.

मुक्त शिक्षणाचा रस्ता धरणाऱ्यांनी आधी फीमाफी पाहावी. इग्नूमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना अनेक शिक्षणक्रमांत फी माफ असते, मात्र एका वेळी एकाच शिक्षणक्रमासाठी. सवलत मागत दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद होतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989पासून नोकरदारांसाठीच उभं आहे. तिथल्या अभ्यासकेंद्रात प्रवेशाआधीच दोन प्रश्न विचारावेत: बोनाफाईड कधी मिळेल, आणि शुल्काची पावती माझ्या नावानं निघेल का? पुढचा जवळजवळ प्रत्येक दावा या दोन कागदांवर उभा राहतो.

कर्ज काढायची वेळ आलीच, तर स्वतःच्या शिक्षणासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज कलम 80ईखाली आठ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं. त्यासाठी जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते. भिशीचे किंवा हातउसने पैसे यात धरत नाहीत.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जे. एन. टाटा एंडोमेंट 1892पासून कर्जरूप शिष्यवृत्ती देतं, आणि तिथं वयाची मर्यादा 45 वर्षांपर्यंत आहे. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर वयाची अटच नाही, उलट किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. चाळिशीतल्या माणसाकडे पदवी कमी असेल, अनुभवाची वाण नसते.

यातली कुठलीही मदत आपणहून घरी चालत येत नाही, आणि बांधकाम मंडळाची पदवीची मदत तर दरवर्षी नव्यानं मागावी लागते. म्हणून मागच्या वर्षीची गुणपत्रिका, बोनाफाईड, रेशनकार्ड आणि नोंदणीचं कार्ड एका फाइलमध्ये ठेवावं आणि निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज भरावा.