साताऱ्यात बघाच: वाड्यातली शाळा, बागेतलं बोर्डिंग

यवतमाळकरांनो, कास पठार बघायला साताऱ्याला निघालात, तर शहरातल्या या दोन जागा चुकवू नका!

📌 जुना राजवाडा: छत्रपतींच्या या वाड्यात पुढे सरकारी शाळा भरू लागली, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेच्या पटावर लागलं. म्हणून राज्यात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’.

📌 धनिणीची बाग: कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, १९२७ मध्ये गांधीजींनी त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असं नामकरण केलं. बागेतल्या या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवायची. त्यांच्या जेवणाखाण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेही दिले.

आपल्या जिल्ह्यात जुन्या वाड्यात भरणारी शाळा माहीत आहे? फोटोसकट सांगा!

#सातारा #वारसा