उसाचं पेट्रोल आणि जुनी येझदी

यवत, केडगाव, पाटस हा पुणे-सोलापूर रस्त्यावरचा पट्टा उसाचा, गुळाचा आणि दुधाचा. गावोगावची गुऱ्हाळं, साखर कारखाने, पहाटेचं दूध संकलन या सगळ्या धावपळीत पूर्वी ज्या दुचाक्या राबल्या, त्यांत तीन नावं मुख्य: राजदूत, येझदी, बुलेट. राजदूत फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची, मुळात पोलंडच्या एसएचएलवर बेतलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाची जावा बनू लागली, १९७०च्या दशकात तिची येझदी झाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. बुलेट १९५५पासून मद्रासची. यांतल्या कित्येक गाड्या आज गोठ्याच्या आडोशाला उभ्या आहेत आणि घरातली तरुण मुलं त्या पुन्हा रस्त्यावर आणू पाहतात. त्याबद्दल मला मनापासून आनंद वाटतो. काळजी वाटते ती कामाच्या क्रमाची. मुलं आधी इंजिन खोलायला धावतात. माझ्या मते पहिला हात ठिणगीला, दुसरा पेट्रोलला लावावा आणि इंजिनाचा नंबर सगळ्यात शेवटी यावा.

जुन्या जावा-येझदीत सहा व्होल्टचा डायनामो असतो. क्रँकबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, कॉइलचा प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर लागते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगीही उशिरा पडते. मग गाडी पिकअप घेत नाही, सायलेन्सर तापतो आणि मालकाला वाटतं, पिस्टन गेला. कंडेन्सरचा दोष तर याहून फसवा. थंड गाडी एका किकमध्ये चालू होते, दहा-पंधरा मिनिटं धावते, तापली की मिसिंग करत बंद पडते आणि झाडाखाली उभी केली की पुन्हा सुरू होते. किती धडधाकट इंजिनं एका कंडेन्सरपायी उघडली गेली असतील! पॉइंटवर निळसर-पांढरी ठिणगी उडताना दिसली तर संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा.

म्हणूनच पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन (सीडीआय) बसवण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सीडीआयमध्ये झिजायला टाच नाही आणि घासायला पॉइंट नाही. कपॅसिटरमध्ये साठवलेला काहीशे व्होल्टचा दाब एका झटक्यात कॉइलमध्ये सुटतो, त्यामुळे तेलकट प्लगवरही ठिणगी पडते. आपल्याकडे आरएक्स १०० या मोटारसायकलने १९८५ साली सीडीआय खेडोपाडी पोहोचवला, त्यामुळे मिस्त्री लोकांना त्याची ओळख आहेच. चेक प्रजासत्ताकातली वापे कंपनी जुन्या जावांसाठी आजही बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि इग्निशनचा पूर्ण संच बनवते. बारा व्होल्ट झाले की हेडलाइटही खरा उजेड देतो. रात्रीच्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता पेट्रोल. ज्या उसाने हा पट्टा उभा केला, त्याच उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमधून टाकीत येतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३पासून देशात मिळू लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच असतं. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ही चांगलीच गोष्ट. पण येझदीचा कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने घडवलेला आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. म्हणजे तोच जेट ठेवला की मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोक इंजिनात पातळ मिश्रण म्हणजे ताप, आणि ताप वाढत गेला की पिस्टन सीज. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात दुचाकींचं मायलेज ३-४ टक्के घटेल असं म्हटलं आहे, पण तो अंदाज १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचा. आपल्या गाड्या तर त्याहून कितीतरी जुन्या.

उपाय अवघड नाही. मेन जेट एक-दोन नंबरने मोठा घ्यावा आणि प्लगचा रंग पाहावा. यवतहून भुलेश्वरचा चढ चढावा, वर जोरात असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करावं आणि प्लग काढावा. चॉकलेटी रंग म्हणजे जमलं. पांढरा पडला असेल तर जेट अजून लहान आहे. लिटरला चाळीस मिली ऑइलचं माप मात्र येझदीत सोडू नये. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, पत्र्याला गंज आणि कार्बोरेटरच्या जस्त-पितळेला पांढरा थर धरतो. जुने रबरी पाइप फुगतात, वायसर चिकट होतात. पाइप इथेनॉलला टिकणारे घ्यावेत आणि गाडी ठेवताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्यावं. झिजलेल्या स्लाइडच्या जुन्या जिकॉव्ह कार्बोरेटरऐवजी मिकुनी बसवणारे पुष्कळ आहेत. गाडी रोज वापरायची असेल तर तेही योग्यच.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बोअर झिजला असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा, आणि टू-स्ट्रोक असेल तर क्रँकचे ऑइल सील आधी बदलावेत, कारण तिथून हवा घेतली की वरची सगळी जुळवाजुळव वाया जाते. यापलीकडे ताकद वाढवायच्या मागे लागू नये. ३४६ सीसीच्या बुलेटला मोठा पिस्टन घालून वेग वाढवता येतो, पण तिचे ड्रम ब्रेक त्या वेगासाठी बनलेले नाहीत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीतले बदल मर्यादित करतं. जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी होते, तीही चासी आणि इंजिन मूळ स्वरूपात असेल तरच. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

काढलेला डायनामो, जिकॉव्ह, पॉइंटची प्लेट यांतलं काहीही भंगारवाल्याला देऊ नका. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात शोधावे लागतात आणि मूळ बनावटीचे दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. आणि गोठ्यातली गाडी किलोच्या भावाने विकण्याआधी गावातल्या वयस्कर मिस्त्रींना बोलावून एकदा पॉइंट आणि कंडेन्सर तेवढा तपासून घ्या.