माईक स्वस्त झाला, खोली नाही

लॅपटॉप, काही हजार रुपयांचा कॉन्डेन्सर माईक, एक ऑडिओ इंटरफेस आणि फुकट मिळणारं ‘ऑडॅसिटी’सारखं सॉफ्टवेअर. एवढ्या सामग्रीवर आज घरच्या घरी गाणं ध्वनिमुद्रित होतं, पॉडकास्ट निघतो, लघुपटाचं डबिंगही उरकतं. तरीही अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत ध्वनिनिर्मितीचे वर्ग भरतात. शालेय शिक्षण झालेल्या जवळपास कुणालाही प्रवेश देणारी आणि विद्यापीठांपेक्षा बरीच कमी फी घेणारी ही महाविद्यालयं दोन वर्षांत ‘असोसिएट’ पदवी किंवा त्याहून छोटं प्रमाणपत्र देतात. नुकत्याच शाळेतून आलेल्या मुलांच्या शेजारी दिवसभराची नोकरी आटोपून आलेली मोठी माणसंही बसलेली असतात. सॉफ्टवेअरमधली बटणं यूट्यूबवरही शिकता येतात. मग दोन वर्षं शिकायचं काय? बटणांखालचं भौतिकशास्त्र आणि आपल्याच कानाचा स्वभाव.

खोलीचा हिशेब

या विद्येचं मूळ १८९५ सालच्या हार्वर्डमध्ये सापडतं. तिथल्या फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते दुरुस्त करण्याचं काम आलं. त्यानं मोजलं, तर एकदा उमटलेला आवाज साडेपाच सेकंद घुमत राहत होता. तेवढ्यात वक्त्याची पुढची बारा-पंधरा अक्षरं तोंडातून बाहेर पडत आणि एकमेकांत मिसळून जात. सॅबिननं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणवल्या. ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विरायला लागणारा वेळ तो मोजायचा, पुन्हा काही गाद्या वाढवायचा, पुन्हा मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर जात. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही पहिल्या सत्रात शिकवलं जातं : घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले खोलीतलं एकूण ध्वनिशोषण.

हे सूत्र आपल्याकडच्या एखाद्या खोलीला लावून बघू. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी रिकामी खोली घ्या. घनफळ ६० घनमीटर, भिंती-छत-जमीन मिळून पृष्ठभाग ९४ चौरस मीटर. गिलावा केलेल्या भिंतीवर पडलेल्या आवाजापैकी जेमतेम तीन टक्के शोषला जातो असं धरलं, तर आवाज सुमारे ३.४ सेकंद घुमतो. १५ चौरस मीटर भागावर जाड गोधड्या टांगल्या आणि त्या ६० टक्के आवाज शोषतात असं मानलं, की हाच काळ ०.८५ सेकंदांवर येतो. फरक माईकनं पडला नाही, गोधडीनं पडला.

गोधडीलाही मर्यादा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर होते, तर ५,००० हर्ट्झच्या आवाजाची सात सेंटिमीटरही भरत नाही. पातळ थर तीव्र स्वर गिळतो, खर्ज मात्र त्यातून आरपार जातो आणि भिंतीवरून परत येतो. घरगुती स्टुडिओत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची पद्धत म्हणूनच फोल आहे. त्या कागदी ट्रेंनी खर्ज शोषला जात नाही आणि शेजारच्या मिक्सरचा आवाजही थांबत नाही. आवाज आत घुमू न देणं आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागतात. दुसऱ्याला वजनदार भिंत आणि फट नसलेलं दार लागतं.

खोलीनंतर माईकची जागा. तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन माईक लावले, आणि तबल्याचा आवाज दुसऱ्या माईकपर्यंत ३४ सेंटिमीटर जास्त चालून गेला, तर तो तिथे एक मिलीसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र केले की ५००, १,५००, २,५०० अशा हर्ट्झवर लाटा एकमेकींना खोडतात आणि तबला पोकळ वाजू लागतो. वादक चांगला असतो, माईकही चांगला असतो, तरी आवाज बिघडतो.

कानाचे हट्ट

यंत्र जे मोजतं ते कान ऐकतोच असं नाही. बेल लॅबोरेटरीतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली हे आलेखावर मांडलं. १,००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला १०० हर्ट्झच्या स्वराला साठहून अधिक डेसिबल लागतात. आवाज कमी केला की खर्ज आधी हरवतो, तो यामुळे. रात्री हळू आवाजात मिक्सिंग करणारा नवशिका बेस वाढवत जातो आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या स्पीकरवर तेच गाणं गदगदतं. मिक्सिंग एका ठरलेल्या पातळीवर करायचं, ही शिस्त या आलेखातूनच येते.

कानाचा दुसरा हट्ट हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली दाखवला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि दुसरा साधारण तीस मिलीसेकंदांच्या आत पोचला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. जो आधी आला, त्याच दिशेनं सगळा आवाज आला असं मेंदू ठरवतो. मोठ्या मैदानातल्या मैफिलीत याचा उपयोग होतो. मंचापासून ६८ मीटरवर लावलेल्या स्पीकरमध्ये तारेतून आवाज तत्काळ येतो, मंचावरचा हवेतून यायला सुमारे २०० मिलीसेकंद घेतो. म्हणून मागच्या स्पीकरला त्याहून दहा-पंधरा मिलीसेकंद जास्त उशीर दिला जातो. श्रोत्याला स्पष्ट ऐकू येतं ते जवळच्या स्पीकरमुळे, पण आवाज येतोय तो मंचावरूनच असं वाटतं. हा उशीर न देणाऱ्या सभांमध्ये प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागतं.

संगणकात शिरल्यावर आवाजाचे आकडे होतात. माणूस फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि नमुने त्याच्या दुपटीहून जास्त घ्यावे लागतात, म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० आणि चित्रपटासाठी ४८,००० नमुने. १६ बिटमध्ये आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये सुमारे १ कोटी ६८ लाख. डिजिटल मोजपट्टीवर शून्याच्या वर जागाच नसते. तिथे धडकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. म्हणून मुद्रण शून्याच्या बरंच खाली ठेवायचं.

ऐकू येतं ते खरं?

इथपर्यंत विज्ञान, पुढे कल्पकता. पडद्यावरचं दृश्य बघत पावलं, कपड्यांची सळसळ, दारं-कड्या यांचे आवाज पुन्हा निर्माण करण्याच्या कलेला ‘फोली’ म्हणतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांचं नाव तिला मिळालं. बर्फावरची पावलं मक्याच्या पिठाच्या पिशवीतून निघतात, हाडं मोडतात ती सेलरीच्या देठांतून. ‘स्टार वॉर्स’मधल्या (१९७७) प्रकाशतलवारीचा गुणगुणाट बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरचा आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा घरघराट एकत्र करून घडवला. वॉल्टर मर्च यांना ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या (१९७९) श्रेयनामावलीत ‘डिझाइन’ या शब्दासह स्थान मिळालं. ध्वनीचीही आखणी करावी लागते, हे त्यानंतर चित्रपटसृष्टीत रुळलं.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा मराठी बोलपट काढणाऱ्या ‘प्रभात’च्या पुण्यातल्या आवारातच १९६० साली आजची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंरचना हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तिथेच शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांनी ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी मुंबईच्या गजबजाटात ध्वनिमुद्रण केलं आणि २००९ साली दोन ब्रिटिश सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळवलं.

पण अशा संस्थेत जागा मोजक्या आणि शिकू पाहणारे असंख्य. जिल्ह्याच्या गावी गणेशोत्सवात साउंड लावणारा, नाट्यगृहात मिक्सरवर बसणारा, लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा सगळं उस्तादाकडे पाहून शिकतो. आवाज फाटतो हे त्याला कळतं, का फाटतो हे कुणी सांगत नाही. आपल्या कानाचं काय होतंय, हेही त्याला कुणी सांगत नाही. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम ही अमेरिकेतल्या ‘नायोश’ या संस्थेनं सुचवलेली मर्यादा आहे. पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं उरतात. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

अशा मुलांना हे शिकवायला नवी इमारत नको. भौतिकशास्त्राचा विभाग असलेल्या आपल्या बहुतेक महाविद्यालयांत सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप असतात, तरंगांचं गणित तर बारावीतच होतं. संध्याकाळी दोन तास, वर्षभर, अनुभवी साउंडवाला आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक यांनी मिळून वर्ग घेतला, तर तालुक्याच्या गावातही हे शिकवता येईल. महाविद्यालयांनी ते सुरू करावं. आणि स्टुडिओ थाटायला निघालेल्यांनी महागडा माईक मागवण्याआधी खोलीत उभं राहून एक टाळी वाजवून बघावी.