जुमांजी : एकदा फासा टाकला की डाव अर्धवट सोडता येत नाही

शाळांना सुट्टी लागली की घरातल्या टीव्हीवर हमखास दिसणाऱ्या इंग्रजी चित्रपटांत 'जुमांजी'चा नंबर बराच वरचा आहे. तो हिंदीतही मिळतो, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. माकडे स्वयंपाकघरात धुडगूस घालतात, गेंड्यांचा कळप भिंत फोडून घरातून धावत जातो, दिवाणखान्यात पूर शिरतो. मुले डोळे विस्फारून बघत राहतात आणि अम्मी-अब्बांना वाटते, चला, दोन तास शांतता मिळाली.

आमचे म्हणणे असे की हे दोन तास मुलांना एकट्याने देऊ नयेत. हे चित्रपट वाईट आहेत असे मुळीच नाही. उलट त्यांत जनावरांच्या गोंधळाखाली घरातल्या माणसांची एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मुलांच्या हातून सहज निसटते. वर्गात आम्ही या चित्रपटाचा विषय काढतो तेव्हा सिंह सगळ्यांना आठवतो, गेंडे आठवतात, शिकारीही आठवतो. बूट मात्र कोणालाच आठवत नाही. आणि सगळ्या गोष्टीची सुरुवात तर त्या बुटापासून आहे!

पुस्तकातून पडद्यावर

'जुमांजी' मुळात मुलांचे एक छोटे चित्रपुस्तक. अमेरिकन लेखक आणि चित्रकार ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांनी ते १९८१ साली लिहिले आणि त्यातली कृष्णधवल चित्रेही स्वतःच काढली. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला अमेरिकेतला बालचित्रपुस्तकांसाठीचा मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. पुस्तकातली गोष्ट साधी आहे. ज्युडी आणि पीटर ही भावंडे घरी एकटी असतात. त्यांना बागेत एक खेळाचा पट सापडतो. फासा टाकला की पटावर लिहिलेले संकट खरोखर घरात उतरते. नियम एकच : सुरू केलेला डाव पूर्ण करायचा, नाहीतर संकटे जात नाहीत.

१९९५ साली दिग्दर्शक जो जॉन्स्टन यांनी यावर चित्रपट केला. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने त्यातली कितीतरी जनावरे संगणकावर उभी केली. त्या काळी हे फार मोठे नवल होते. पण पटकथाकारांनी केलेले खरे काम वेगळेच आहे. पुस्तकात नसलेला एक मुलगा त्यांनी गोष्टीत आणला, अ‍ॅलन पॅरिश. आणि त्याच्याबरोबर त्याचे वडीलही आणले.

त्या बुटाची गोष्ट

साल १९६९. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातले ब्रँटफर्ड नावाचे काल्पनिक गाव. अ‍ॅलनच्या वडिलांचा बुटांचा कारखाना आहे आणि गावाची रोजीरोटी त्यावर चालते. कार्ल नावाच्या कामगाराने नव्या पद्धतीचा एक बूट मोठ्या हौसेने तयार केला आहे. अ‍ॅलन सहज हातातला तो बूट यंत्राच्या चालत्या पट्ट्यावर ठेवतो. बूट आत जातो आणि यंत्र बिघडते. कार्ल दोष स्वतःवर घेतो आणि त्याची नोकरी जाते. अ‍ॅलन गप्प राहतो.

त्याच दिवशी संध्याकाळी बापलेकांत कडाक्याचे भांडण होते. वडिलांना मुलाला बोर्डिंग शाळेत पाठवायचे असते, मुलाला जायचे नसते. दोघेही टोकाचे बोलतात आणि वडील घराबाहेर पडतात. त्यानंतर अ‍ॅलन आणि त्याची मैत्रीण सारा पटावर फासा टाकतात. खेळ अ‍ॅलनला आत ओढून घेतो. पुढे कोणी पाच किंवा आठचे दान टाकेपर्यंत त्याला जंगलातच राहायचे आहे. ते दान पडायला २६ वर्षे लागतात.

मोठा झालेला अ‍ॅलन रॉबिन विल्यम्स यांनी रंगवला आहे. दाढी वाढलेला, पाने पांघरलेला हा माणूस घरी परततो तेव्हा आधी अम्मी-अब्बांना हाका मारत सुटतो. घर रिकामे आहे. कारखाना बंद पडला आहे आणि गावाची रया गेली आहे. मुलगा बेपत्ता झाल्यावर वडिलांनी सर्व काही त्याच्या शोधात घातले, हे त्याला तेव्हा कळते. ज्या बापाला आपण नकोसे आहोत असे त्याला वाटत होते, तो बाप त्याला शोधता शोधता संपून गेला. मग अ‍ॅलनला आई-वडिलांच्या कबरी दिसतात. हे दृश्य छोटे आहे, पण तिथे टीव्हीसमोरची मोठी माणसेसुद्धा क्षणभर गप्प होतात.

आणखी एक गोष्ट मुलांना दाखवून द्यावी. अ‍ॅलनच्या मागे बंदूक घेऊन लागलेला शिकारी आणि त्याचे वडील या दोन्ही भूमिका जोनाथन हाइड या एकाच अभिनेत्याने केल्या आहेत. ज्याच्याशी बोलणे राहून गेले, त्याचाच चेहरा घेऊन भीती मुलाच्या पाठीमागे धावते.

पीटर हा लहानगा तर फाशात लबाडी करायला जातो. हेतू चांगला असतो, डाव लवकर संपवावा. पण खेळ त्याचे हळूहळू माकड करतो. तो रडू लागतो तेव्हा अ‍ॅलन त्याला दरडावतो आणि त्याच क्षणी चपापतो, कारण ते शब्द त्याच्या वडिलांचे असतात. मग तो त्या पोराला जवळ घेतो. आम्हा शिक्षकांना आणि पालकांना या प्रसंगातून शिकण्यासारखे बरेच आहे. मूल रडत असताना आपल्या तोंडून कोणाचा आवाज निघतो, हे कधी तरी ऐकून पाहावे.

डाव संपतो तेव्हा काळ मागे फिरतो. अ‍ॅलन पुन्हा १९६९ मध्ये, लहान मुलगा होऊन उभा असतो. वडील विसरलेले कागद घ्यायला परत येतात. त्यांच्या दृष्टीने भांडणाला फार तर पाच मिनिटे झालेली असतात. मुलगा धावत जाऊन त्यांना बिलगतो, माफी मागतो आणि सांगतो की तो बूट कार्लने नव्हे, मी ठेवला होता. कोणी विचारलेले नसते. तरी तो सांगतो. आमच्या मते चित्रपटातले सर्वांत धाडसाचे काम हेच. शिकाऱ्यासमोर उभे राहणे त्यामानाने सोपे.

पुढचे तीन डाव

२००५ साली जॉन फॅवरो यांचा 'झथुरा' आला. तोही व्हॅन ऑल्सबर्ग यांच्याच पुस्तकावरचा. इथे जंगलाऐवजी अंतराळ आहे आणि बापलेकांऐवजी सतत भांडणारे दोन भाऊ आहेत. त्यांना भेटलेला अंतराळवीर पूर्वी हाच खेळ आपल्या भावाबरोबर खेळलेला असतो. रागाच्या भरात त्याने मागणे मागितले की हा भाऊ जन्मालाच आला नसता तर बरे. मागणे पुरे झाले आणि तो एकटा अंतराळात अडकला. आपल्या घरांतही 'तू नसतास तर बरं झालं असतं' हे वाक्य मुलांच्या भांडणात ऐकू येते. त्या मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा.

२०१७ च्या चित्रपटात पटाचा व्हिडिओ गेम झाला. शाळेत शिक्षा झालेली चार मुले त्यात ओढली जातात आणि दुसऱ्याच शरीरात जागी होतात. भित्रा मुलगा पहिलवान होतो, धिप्पाड खेळाडू बुटका हमाल होतो, सदान्‌कदा मोबाईलमध्ये बुडालेली मुलगी मध्यमवयीन प्रोफेसर होते. प्रत्येकाला तीनच जीव. शेवटी तीच मुलगी आपला एक जीव दुसऱ्याला देऊन टाकते. तो दुसरा म्हणजे १९९६ मध्ये हरवलेला मुलगा. बाहेर वीस वर्षे उलटली आहेत, त्याला मात्र काही महिनेच झाले असे वाटते. मोबाईलवर खेळणाऱ्या मुलाला 'किती वेळ झाला?' असे विचारून पाहा, उत्तर साधारण असेच येईल.

२०१९ च्या भागात खेळात दोन म्हातारे शिरतात, एक आजोबा आणि त्यांचा जुना मित्र. दोघांनी मिळून हॉटेल चालवले होते, पुढे बिनसले आणि वर्षानुवर्षे अबोला राहिला. मित्र आता आजारी आहे, हातात वेळ थोडा आहे. वाळवंटात आणि बर्फात धडपडता धडपडता दोघे एकदाचे बोलतात. नातवंडांसोबत दादा-नानांनीही बघावा असा हा भाग आहे.

कोणी, कधी बघावे?

भाग जरूर निवडून दाखवावेत. १९९५ चा चित्रपट लहान मुलांसाठी फार भीतीदायक आहे, अशी टीका रॉजर ईबर्ट या नामवंत अमेरिकन समीक्षकाने त्याच वेळी केली होती. ती अगदीच चुकीची नाही. सहा-सात वर्षांचे मूल कोळी आणि सिंह पाहून रात्री दचकून उठू शकते. अमेरिकेत पहिला चित्रपट आणि 'झथुरा' यांना पालकांच्या मार्गदर्शनाचा शेरा आहे. २०१७ आणि २०१९ च्या भागांना तेरा वर्षांखालील मुलांबाबत अधिक काळजी घेण्याचा शेरा आहे. शरीरे बदलल्यामुळे त्यांत काही विनोद उथळ आहेत. काही शब्द मुलांच्या कानी पडू नयेत असे वाटू शकते. म्हणून आधी आपण पाहावे आणि मग मुलांना घेऊन बसावे. मोठ्या भावंडांवर सोपवून मोकळे होऊ नये.

चित्रपट संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून 'चला, झोपा' म्हणू नये. दहा मिनिटे बसावे. 'तुला कोणता प्राणी आवडला?' हे मुले आपणहून सांगतीलच. आपण विचारावे, 'कार्लची नोकरी का गेली रे?' मूल थोडे आठवेल, मग बुटाची गोष्ट सांगेल. तेव्हा तात्पर्य आपण सांगू नये. गप्प राहून ऐकावे. एखादा आपला बूटही कुठल्या तरी पट्ट्यावर पडलेला असतो आणि तो सांगायला मुलाला अशीच निवांत वेळ हवी असते. सांगितले तर आवाज न चढवता ऐकून घ्यावे. पुढच्या वेळी ते पुन्हा आपल्याकडेच येईल.