विश्लेषण : गेम बनवणाऱ्या मुलांनी वहीत काय लिहावे?

केंद्र सरकारने २०२६-२७च्या अर्थसंकल्पात देशातील १५ हजार माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत ‘कंटेंट क्रिएटर लॅब’ उभारण्याची घोषणा केली. अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीच्या या प्रयोगशाळांना मुंबईतील ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’चे साहाय्य असेल. या क्षेत्राला २०३०पर्यंत २० लाख मनुष्यबळ लागेल, असा सरकारचा अंदाज आहे. संगणक येतील, सॉफ्टवेअर येईल. पण जयसिंगपूरसारख्या गावातील नववीच्या मुलीने उद्या एखादा गेम किंवा पाच मिनिटांची चित्रफीत तयार केली, तर त्यातून ती काय शिकली हे कशावरून ठरवायचे? याचे उत्तर तिने स्वतः लिहिलेल्या अनुभवनोंदीत असते. आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो तो नेमका हाच भाग.

प्रकल्पवहीचे शेवटचे पान

शाळेत प्रकल्प केलेल्या कोणालाही ते पान आठवेल. प्रस्तावना, उद्दिष्टे, माहिती, चित्रे आणि शेवटी निष्कर्ष : ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले.’ पर्यावरणाचा प्रकल्प असो की इतिहासाचा, वाक्य तेच. तयार प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात मिळू लागले तेव्हा हे वाक्यही छापूनच येऊ लागले. आता तर मोबाइलवरील एआय चॅटबॉट दोन पानांचे भावपूर्ण ‘आत्मचिंतन’ अर्ध्या मिनिटात लिहून देतो. त्याची भाषा मुलांपेक्षा चांगली असते आणि गुणही बहुधा जास्त मिळतात. दोष मुलांचा म्हणता येत नाही. ‘काय शिकलात?’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच येणार.

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन आणि वर्गमित्रांनी केलेले मूल्यमापनही अपेक्षित आहे. त्यासाठीचे नमुने ‘एनसीईआरटी’अंतर्गत २०२३मध्ये स्थापन झालेल्या ‘परख’ या केंद्राने तयार केले. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात ‘स्वविकास व कलारसास्वाद’ आणि ‘जलसुरक्षा’ असे विषय आले, ते याच दिशेचे. हे श्रेणीचे विषय असल्याने पालक आणि शाळा त्यांना किती गांभीर्याने घेतात, हे वेगळे सांगायला नको.

खेळणे आणि रचणे यांत फरक काय?

गेम म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे रात्री दोनपर्यंत मोबाइल धरून बसलेला मुलगा येतो. ही चिंता खोटी नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे, शैक्षणिक गेम मात्र वेगळे काढले आहेत. म्हणजे सरसकट सगळे गेम वाईट, असे कायदाही म्हणत नाही.

खेळणारा नियम ओळखतो. रचणाऱ्याला ते ठरवावे लागतात. किती चुकांनंतर डाव संपवायचा, कशाला गुण द्यायचे, कोणाला जिंकू द्यायचे, प्रत्येक ठिकाणी निर्णय आला. अमेरिकेत सेमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. त्यांच्याच परंपरेतील संशोधक यास्मिन काफाई यांनी चौथीच्या एका वर्गाला तिसरीच्या मुलांसाठी अपूर्णांक शिकवणारे गेम तयार करायला लावले. काम काही महिने चालले. मुले त्या काळात स्वतःच्या वहीत आराखडे, अडचणी आणि बदललेले बेत नोंदवत होती. या प्रयोगावरचे काफाई यांचे पुस्तक १९९५मध्ये आले. त्या संशोधनात तयार गेमइतकेच महत्त्व या वह्यांना होते, कारण मुलांचा विचार कुठे वळला हे पडद्यावर दिसत नाही, वहीत दिसते.

पुढे एमआयटीच्या ‘मीडिया लॅब’ने २००७मध्ये ‘स्क्रॅच’ खुले केले. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून गेम किंवा चलच्चित्र तयार करता येते. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. ग्रामीण शाळेसाठी ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची.

जयसिंगपुरात काय करता येईल?

शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेले हे गाव आखीव आहे. सरळ रस्ते, काटकोनातले चौक आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. गेमचा पट म्हणून याहून सोयीचा नकाशा शोधून सापडणार नाही. पण खरा विषय गावाबाहेर, शिरोळ तालुक्याच्या नदीकाठी आहे.

समजा, ‘जलसुरक्षा’च्या प्रकल्पासाठी नववीच्या चार मुलांनी पुराचा गेम करायचे ठरवले. पाणी चढते आहे आणि खेळणाऱ्याने माणसे व जनावरे वेळेत हलवायची आहेत. ऐकायला सोपे. पहिला प्रश्न : पाणी कोणत्या नियमाने चढणार? पाऊस पडला की पाणी वाढते, एवढा नियम पुरत नाही. राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि ते पाणी पंचगंगेत यायला वेळ लागतो. कृष्णेला पूर असेल तर पंचगंगेचे पाणी नृसिंहवाडीच्या संगमाकडे पुढे सरकत नाही, फुगवटा धरते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. मग गेममध्ये लोकांना ३९ फुटांना हलवायचे की ४३ला? लवकर हलवले तर घर सोडायला कोणी तयार नसते. उशीर केला तर रस्ता बंद होतो. दोन्हींची किंमत गुणांत बसवावी लागते.

त्यातही नृसिंहवाडीत कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक स्नानाला गर्दी करतात. वाढते पाणी एका टप्प्यावर पर्वणी असते, पुढच्या टप्प्यावर संकट. गेममध्ये हे पाणी हिरव्या रंगात दाखवायचे की लाल? शिवाय अलमट्टी धरणामुळे इकडे फुगवटा येतो का, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकात वर्षानुवर्षे वाद आहे. मुलांना त्याबाबतही काहीतरी नियम करावा लागेल, किंवा तो का केला नाही हे लिहावे लागेल.

आता अशा चौघांच्या वहीत ‘खूप काही शिकायला मिळाले’ हे वाक्य येण्याचे कारण उरत नाही. ‘आधी सगळी माणसे वाचत होती, म्हणून गेम कंटाळवाणा झाला, मग आम्ही जनावरे घातली. आजोबा म्हणाले, म्हशी सोडून कोणी निघत नाही,’ अशी नोंद त्यांनी केली, तर तिच्यात गणित आहे, भूगोल आहे आणि घरच्या माणसाला विचारलेला प्रश्नही आहे. चॅटबॉटला हे आजोबा कुठून मिळणार?

आणि चित्रफीत?

तिचेही तसेच. कोल्हापूरला तर याचा वारसा आहे. बाबुराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी केली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी तिथे पडेल ते काम करत घडली आणि १९२९मध्ये त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. चित्रपट शिकवणारा वर्ग तेव्हा नव्हता, करून पाहणे हीच शाळा होती. आज मोबाइलमुळे चित्रण सोपे झाले. कठीण राहिली ती काटछाट. उसाच्या फडातल्या तोडणी कामगारांवर मुलांनी ४० मिनिटांचे चित्रण केले आणि पाचच मिनिटे ठेवली, तर काय वगळले आणि का, हे विचारण्याजोगे आहे. कोणाची परवानगी घेतली, कोणी कॅमेरा बंद करायला सांगितला, हेही.

अडचण कुठे आहे?

वाचणार कोण, इथे. एका वर्गात साठ मुले, त्यात शिक्षकांची अशैक्षणिक कामे. साठ मुलांची दोन-दोन पाने वर्षाअखेरीस वाचायची म्हटली तर शेरा ‘छान’ एवढाच येणार. त्यापेक्षा आठवड्याला पाच ओळी बऱ्या. प्रश्नही मोजके हवेत : या आठवड्यात काय चालले नाही? कोणता नियम बदलला? कोणाला खेळायला दिले आणि ते कुठे अडखळले? गटातील दुसऱ्याने केलेली कोणती गोष्ट तुला जमली नसती? शेवटच्या प्रश्नामुळे सगळे काम एकट्यानेच केले असेल तर तेही उघड होते. नोंदी मुलांच्या बोलीत आल्या तरी चालतील. शुद्धलेखनासाठी मराठीचा तास आहेच.

गुणांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. प्रामाणिक नोंदीत अपयश असते. सादरीकरणाच्या दिवशी गेम मध्येच बंद पडला, पण तो का पडला हे वहीत तारखेनिशी लिहिलेले आहे. शेजारच्या गटाचा गेम सुरेख चालतो, पण तो इंटरनेटवरून जसाच्या तसा घेतलेला आहे. आजच्या पद्धतीत जास्त गुण दुसऱ्या गटाला मिळतात आणि पुढच्या वर्षी पहिला गटही तोच मार्ग धरतो. नव्या प्रयोगशाळांसाठी शिक्षक प्रशिक्षणाचे आराखडे होतील, तेव्हा सॉफ्टवेअरच्या जोडीने या वह्या कशा वाचायच्या यालाही त्यात दोन दिवस द्यावे लागतील.